जुना कंट्रोलर, नवा कॉम्प्युटर: मधल्या अडॅप्टरची झडती

प्लगचा आकार बदलला की काम झालं, हे जुन्या कंट्रोलरपैकी जवळजवळ एकाच बाबतीत खरं आहे: २००१ चा पहिला एक्सबॉक्स. त्याच्या कंट्रोलरच्या केबलमधून जातं ते साधं यूएसबीच. लाल, पांढरी, हिरवी, काळी या नेहमीच्या चार तारा आणि जोडीला लाइट गनसाठीची (पडद्यावर नेम धरायच्या बंदुकीसाठीची) एक पिवळी. त्यामुळे त्याचा 'अडॅप्टर' म्हणजे दोन वेगळ्या टोकांची केबल. आत चिप नाही, बिघडण्यासारखं काही नाही. बाकी जवळपास सगळ्यांच्या मध्ये एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसलेला असतो, आणि अडॅप्टर चांगला की टाकाऊ हे त्यात भरलेल्या प्रोग्रॅमवर ठरतं. पेटीचं प्लॅस्टिक, खोक्यावरचं चित्र, प्लगवरचा सोनेरी मुलामा यांवरून त्यातलं काहीही कळत नाही. एकाच साच्यातल्या दोन पेट्यांत दोन वेगळ्या चिपा निघतात, आणि उलट चार वेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या पेट्यांत एकच चिप निघते.

म्हणून इथे परीक्षा पेट्यांची नाही, त्या काय करतात याची आहे. निकष तीनच ठेवले आहेत. कंट्रोलर किती वेळा वाचला जातो, स्टिकचे आकडे कसे पोचवले जातात, आणि कॉम्प्युटरपुढे अडॅप्टर स्वतःची ओळख काय सांगतो.

आधी लॅगचा, म्हणजे उशिराचा हिशेब

सुपर निन्टेन्डोचं पॅड घ्या. त्याला पाच तारा पुरतात: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. कन्सोल लॅचवर १२ मायक्रोसेकंदांचा एक पल्स पाठवतो, त्या क्षणी सगळ्या बटणांची स्थिती पॅडच्या आत पकडली जाते. मग क्लॉकच्या १६ टिचक्या, आणि प्रत्येक टिचकीला एक बटण डेटाच्या तारेवर येतं: बी, वाय, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं, ए, एक्स, एल, आर. उरलेले ४ बिट रिकामे. दाबलेलं बटण म्हणजे शून्य. हा सगळा कारभार साधारण २१० मायक्रोसेकंदांत, म्हणजे पाव मिलिसेकंदाच्या आत उरकतो. पॅड वाचायला वेळ लागतो म्हणून लॅग येतो, असं म्हणायला इथे जागाच नाही.

वेळ जातो तो पुढे. यूएसबीवर उपकरण स्वतःहून काही सांगत नाही. कॉम्प्युटर ठरावीक अंतराने विचारतो, तेव्हाच उत्तर जातं. स्वस्त चिप यूएसबीच्या सर्वांत हळू, लो-स्पीड प्रकारावर चालत असेल तर हे अंतर व्यवहारात ८ मिलिसेकंदांचं असतं; फुल-स्पीडवर ते १ मिलिसेकंदापर्यंत आणता येतं. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. म्हणजे ८ च्या अंतराने सरासरी ४ मिलिसेकंद आणि वाईटात वाईट अर्धी फ्रेम वाढते. एवढ्यावर थांबलं तर बहुतेकांना जाणवणारही नाही. त्रास होतो तो ज्या अडॅप्टरमध्ये पॅड वाचणं आणि यूएसबीला उत्तर देणं ही दोन कामं एकमेकांशी न जुळता चालतात तिथे. आतली चिप आपल्या सवडीने पॅड वाचते, कॉम्प्युटर आपल्या सवडीने विचारतो, आणि दोन्ही सवडींची बेरीज होते. कधी २ मिलिसेकंद, कधी १५. एकसारखा उशीर असता तर हात त्याला सरावतो. असा लहरी उशीर मात्र उडी मारण्याच्या गेममध्ये लगेच बोचतो.

विचारण्याचं अंतर अडॅप्टर स्वतःच जाहीर करतो, त्यामुळे ते बघता येतं. लिनक्सवर 'एलएसयूएसबी' सविस्तर पर्यायाने चालवा, विंडोजवर यूएसबीची झाडासारखी यादी दाखवणारा एखादा फुकट प्रोग्रॅम वापरा, आणि 'बी-इंटरव्हल' या ओळीत काय आहे ते पाहा. फुल-स्पीड उपकरणात १ म्हणजे १ मिलिसेकंद, ८ म्हणजे ८. आतल्या लहरीपणाचा आकडा मात्र कुठेच लिहिलेला नसतो. तो खेळूनच कळतो.

निन्टेन्डोची पहिली दोन पॅडं

इथे चुकायला फारसं काही नाही, आणि तरीही लोक चुकतात. पहिल्या निन्टेन्डो पॅडच्या आत ४०२१ ही एकच शिफ्ट रजिस्टर चिप (सगळी बटणं एकदम पकडून एकामागून एक पुढे पाठवणारी), आठ बटणं, आठ बिट. ते वाचू न शकणारा अडॅप्टर बनवायला वेगळी प्रतिभा लागते. तक्रारी येतात त्या बटणांच्या नावांवरून. सुपर निन्टेन्डोत ए उजवीकडे आणि बी खाली. एक्सबॉक्सच्या मांडणीत ए खाली आणि बी उजवीकडे. काही अडॅप्टर नावाला नाव जुळवतात, काही जागेला जागा. नावाला नाव जुळवलेल्या अडॅप्टरवर नवा गेम 'ए दाबा' म्हणतो तेव्हा बोट बरोबर पडतं, पण उडीचं बटण अंगठ्याच्या विश्रांतीच्या जागी न येता बाजूला जातं. आमचं मत जागेला जागा याच बाजूचं. इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कुठलंही चालतं, कारण बटणं हातानेच नेमून द्यायची असतात. स्टीम या गेम विकणाऱ्या-चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये निन्टेन्डो मांडणीचा वेगळा पर्याय आहे, तो आधी तपासा. अडॅप्टरनेही अदलाबदल केली आणि स्टीमनेही केली की दोन उलट्यांचं सुलट होतं आणि दोष कुणाचा हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

सेगा: जिथे घाई नडते

मेगा ड्राइव्हचा ९ पिनांचा प्लग आणि जुन्या अटारीचा प्लग एकमेकांत तंतोतंत बसतात. तारांचं काम मात्र वेगळं. अटारीत ५ व्होल्ट ७ क्रमांकाच्या पिनवर असतात, सेगात ५ क्रमांकाच्या. सेगाची ७ क्रमांकाची पिन 'सिलेक्ट'ची. अटारीची जॉयस्टिक सेगाच्या अडॅप्टरला लावली तर चालते, कारण तिच्यात चार दिशा आणि एक बटण यांचे नुसते स्विच आहेत, ते १ ते ४ आणि ६ या पिनांवर येतात आणि ग्राउंड दोन्हीकडे ८ वर आहे. उलटं करू नका. केवळ अटारीसाठी बनवलेल्या अडॅप्टरला सेगाचं पॅड लावलं तर आतल्या चिपला वीज सरळ मार्गाने मिळत नाही, सिलेक्टच्या तारेतून झिरपते आणि बटणं भूत लागल्यासारखी वागतात. अटारीची पॅडल, म्हणजे गोल फिरवायची नॉब, सेगाच्या अडॅप्टरवर अजिबात चालत नाहीत. त्यांचे पोटेन्शिओमीटर (फिरवलं की रोध बदलणारे भाग) ५ आणि ९ क्रमांकांच्या पिनांवर येतात.

सहा बटणांच्या पॅडची गंमत वेगळी आहे. तीन बटणांच्या पॅडला सिलेक्टची तार एकदा वर आणि एकदा खाली केली की सगळं कळतं. सहा बटणांचं पॅड सिलेक्टच्या टिचक्या मोजतं आणि ठरावीक टिचकीला एक्स, वाय, झेड आणि मोड ही जादा बटणं पुढे करतं. सुमारे दीड मिलिसेकंद शांतता मिळाली की मोजणी पुन्हा शून्यावर येते. आता एखाद्या हौशी अडॅप्टरने 'दर १ मिलिसेकंदाला वाचतो' अशी शेखी मिरवली तर काय होईल? पॅडला मोजणी शून्यावर आणायला सवडच मिळत नाही, आणि स्टार्ट दाबलं की एक्स उठतं. चांगल्या अडॅप्टरमध्ये दोन वाचनांत मुद्दाम थांबण्याची सोय केलेली असते. म्हणून सेगाच्या बाबतीत '१००० हर्ट्झ' ही जाहिरात जरा संशयानेच वाचावी. जुना गेम सहा बटणांच्या पॅडने गोंधळत असेल, तर पॅडला वीज मिळताना मोड दाबून धरा. ते तीन बटणांचं असल्यासारखं वागतं. अडॅप्टरवर याचा अर्थ मोड दाबून धरून प्लग लावणे.

एन६४: खरी परीक्षा इथे

१९९६ च्या एन६४ पॅडमध्ये एकाच तारेवरून येणं-जाणं चालतं, ३.३ व्होल्टवर. एक बिट ४ मायक्रोसेकंदांचा: १ मायक्रोसेकंद खाली आणि ३ वर म्हणजे एक, ३ खाली आणि १ वर म्हणजे शून्य. चिपला वेळेचं काटेकोर भान लागतं. पण अडॅप्टर नापास होतात ते इथे नाही, स्टिकवर.

या स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर नाहीत. आत छिद्रांच्या दोन चकत्या आहेत, त्यांच्यातून प्रकाश जातो आणि कंट्रोलर छिद्रं मोजतो, जुन्या बॉलच्या माउससारखी. परिणाम दोन. पहिला: 'मध्य' म्हणजे वीज मिळाली तेव्हा स्टिक जिथे होती ती जागा. स्टिक वाकडी धरून प्लग लावला तर गेममधला गडी एका बाजूला चालत सुटतो, आणि लोक अडॅप्टरला शिव्या घालतात. एल, आर आणि स्टार्ट एकदम दाबा, मध्य पुन्हा बसतो. दुसरा: आकडा १२७ पर्यंत जाऊ शकतो, पण प्रत्यक्षात नवी कोरी स्टिक ८० ते ८५ च्या आसपासच टेकते, आणि झिजलेली त्याहून बरीच अलीकडे.

आणि इथेच घोडं पेंड खातं. काही अडॅप्टर ८० हा आकडा तसाच पुढे ढकलतात, तेव्हा कॉम्प्युटरला वाटतं स्टिक दोन तृतीयांशच ढकलली आहे. गडी धावत नाही, चालतो. काही अडॅप्टर ८० ला ताणून १२७ करतात, मग इम्युलेटर पुन्हा स्वतःचा गुणाकार करतो आणि अर्धी स्टिक ढकलली तरी पूर्ण वेग लागतो. बारीक नेम धरणं अशक्य. पहिल्या प्रकारात इम्युलेटरमधली स्टिकची मर्यादा वाढवायची, दुसऱ्यात ती साधारण ६६ टक्क्यांवर आणायची. दोन्हींत डेड झोन, म्हणजे मध्याभोवतीचा दुर्लक्षित पट्टा, शून्य किंवा फार तर ५ टक्के ठेवा. अनेक ठिकाणी तो आधीच १५ टक्के लावलेला असतो. तो पोटेन्शिओमीटरच्या थरथरीसाठी आहे, छिद्रं मोजणाऱ्या स्टिकला त्याची गरज नाही.

सी बटणांचाही घोळ आहे. काही अडॅप्टर ती चार स्वतंत्र बटणं म्हणून देतात, काही उजव्या स्टिकच्या दिशा म्हणून. स्टिक म्हणून दिली की सी-डावं आणि सी-उजवं एकत्र दाबता येत नाहीत, एकमेकांना खोडतात. स्वतंत्र बटणं देणारा अडॅप्टरच घ्यावा.

या गटात रॅफनेटच्या अडॅप्टरला आमची पसंती आहे. विचारण्याचं अंतर त्याच्या सोबतच्या प्रोग्रॅममधून बदलता येतं, फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) नव्याने भरता येतं, आणि खास प्लगइन वापरलं तर इम्युलेटर यूएसबीच्या गेमपॅडचा सोंगाडेपणा बाजूला ठेवून थेट कंट्रोलरशी बोलतो. या थेट मार्गाने स्टिकचे कच्चे आकडे पोचतात, म्हणजे वरचा ताणाताणीचा प्रश्नच मिटतो, आणि कंट्रोलरच्या पाठीत खोचलेलं मेमरी पॅकही वाचता येतं. साध्या अडॅप्टरवर पाठीतलं पॅक म्हणजे शोभेची वस्तू. कंपन देणाऱ्या रंबल पॅकला मात्र आपल्या दोन ट्रिपल-ए बॅटऱ्या लागतातच. यूएसबीची वीज तिथपर्यंत जात नाही.

स्टिक सैल पडून लोंबत असेल आणि खालच्या वाटीत पांढरी पूड दिसत असेल तर अडॅप्टर बदलून काही होणार नाही. ते प्लॅस्टिक घासलं गेलं आहे. वाटी आणि दांडी बदलायची.

गेमक्यूब: अधिकृत पेटी आणि तिच्या नकला

निन्टेन्डोचा चार पोर्टांचा अडॅप्टर २०१४ मध्ये वी यू या कन्सोलसाठी आला आणि २०१८ मध्ये स्विचच्या वेळी पुन्हा बाजारात उतरला. त्याला दोन यूएसबी प्लग आहेत. काळा डेटाचा, करडा फक्त रंबलच्या मोटरांच्या विजेचा. रंबल नको असेल तर करडा मोकळा ठेवला तरी चालतं. विंडोज याला गेमपॅड म्हणून ओळखत नाही, आणि पहिल्यांदा लावणारा 'खराब निघाला' म्हणून परत करायला निघतो. करायचं ते असं: झॅडिग हा छोटा प्रोग्रॅम उघडा, पर्यायांमध्ये सगळी उपकरणं दाखवायला सांगा, यादीतून 'डब्ल्यूयूपी-०२८' निवडा, उत्पादन क्रमांक (उपकरण ओळख म्हणून सांगतं तो) ०३३७ आहे ना ते बघा आणि विनयूएसबी ड्रायव्हर बसवा. क्रमांक न बघता भलत्याच ओळीवर ड्रायव्हर बसवला तर कीबोर्ड किंवा माउस गप्प होतो, तेव्हा ही पायरी घाईत उरकू नका. मग डॉल्फिन इम्युलेटरमध्ये पोर्टसमोर साधा कंट्रोलर न निवडता गेमक्यूब अडॅप्टरचा पर्याय निवडा. बटणं नेमण्याची गरजच उरत नाही. लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, फक्त उपकरणाला हात लावण्याची परवानगी देणारा एक यूडेव्ह नियम लिहावा लागतो.

मेफ्लॅशच्या चार पोर्टांच्या अडॅप्टरला बाजूला एक खटका आहे. वी यू वर ठेवला तर तो अधिकृत पेटीसारखाच वागतो, पीसी वर ठेवला तर ड्रायव्हरशिवाय साधा गेमपॅड होतो. डॉल्फिनसाठी खटका वी यू वरच ठेवा. पीसी बाजू इतर गेमसाठी, आणि तिथे तडजोड पत्करावी लागते: गेमक्यूबचे एल आणि आर आधी अ‍ॅनालॉग दाबले जातात आणि तळाशी 'टक्' करून वेगळं बटण लागतं. आजच्या गेमना अपेक्षित असलेल्या मांडणीत त्या 'टक्'ला जागाच नाही. खटका हलवल्यावर प्लग काढून पुन्हा लावा, नाहीतर कॉम्प्युटर जुन्याच ओळखीला धरून बसतो.

या पॅडचाही मध्य वीज मिळताना ठरतो. एक्स, वाय आणि स्टार्ट ३ सेकंद दाबून धरा, म्हणजे तो पुन्हा घेतला जातो.

प्लेस्टेशन: एक ना धड भाराभर चिंध्या

सर्वांत जास्त अडॅप्टर याच कंट्रोलरचे मिळतात आणि सर्वांत वाईटही याचेच. दोन पोर्टांची ती लहान शेपटीसारखी पेटी कॉम्प्युटरला लावली की बहुतेकदा 'ट्विन यूएसबी जॉयस्टिक' असं नाव सांगते, विक्रेता ०८१०, उत्पादन ०००१. नावं वेगळी, रंग वेगळे, आत तोच जीव.

काय चुकतं ते क्रमाने सांगण्यापेक्षा कशाने चुकतं ते सांगतो. ड्युअलशॉकच्या मोटरांना कन्सोल साधारण ७.६ व्होल्ट देतो. यूएसबीकडे ५ आहेत. व्होल्टेज वाढवणारं सर्किट घालायला पैसे पडतात, म्हणून स्वस्त पेटी ५ व्होल्टच पुढे देते आणि कंपन मरगळलेलं लागतं. उजव्या स्टिकचे अक्ष झेड आणि फिरत्या झेडवर टाकलेले असतात, काहींत उभा-आडवा उलटा; जुने गेम त्याला कॅमेरा न समजता थ्रॉटल समजतात. ड्युअलशॉक २ ची बटणं किती जोराने दाबली तेही मोजतात, पण साध्या गेमपॅडच्या भाषेत बटण दाबलेलं किंवा न दाबलेलं एवढंच सांगता येतं, म्हणून ती माहिती वाटेतच गळते. कंट्रोलरवरचा लाल दिवा बंद असेल तर स्टिक मेलेल्या वाटतात. अ‍ॅनालॉग बटण दाबा, दोष अडॅप्टरचा नाही.

नाचायच्या मॅटसाठी अडॅप्टर घेणाऱ्यांनी एकच प्रश्न विचारावा: दिशेची चार बटणं स्वतंत्र बटणं म्हणून येतात का? मॅटवर डावं आणि उजवं एकाच वेळी पायाखाली येणं हा तर खेळच आहे. अडॅप्टरने त्यांना अक्ष मानलं तर ती एकमेकांना खोडून शून्य होतात. आठ दिशांचा हॅट (एका वेळी एकच दिशा सांगणारा खटका) मानलं तर तिथे 'डावं अधिक उजवं' अशी दिशाच अस्तित्वात नाही. कुठलीही सेटिंग बदलून हे दुरुस्त होत नाही, कारण माहिती कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नाही.

दोन पोर्टांच्या पेट्यांची आणखी एक खोड लिनक्सवर दिसते: दोन्ही पॅड मिळून एकच गेमपॅड दिसतं आणि दुसऱ्या खेळाडूची बटणं पहिल्याच्या गड्याला हलवतात. त्यावर कर्नलच्या सुरुवातीच्या ओळीत यूएसबीएचआयडीच्या 'क्वर्क्स'मध्ये अडॅप्टरचा विक्रेता क्रमांक, उत्पादन क्रमांक आणि शेवटी ०एक्स४० हा झेंडा द्यायचा. दोन वेगळी पॅडं लगेच दिसू लागतात.

पंधरा पिनांची जॉयस्टिक

गेमपोर्ट हे आयबीएमचं १९८१ चं अपत्य. जॉयस्टिकमध्ये शून्य ते १०० किलोओमचा पोटेन्शिओमीटर, कार्डावर एक कपॅसिटर, आणि तो भरायला किती वेळ लागतो त्यावरून स्टिक कुठे आहे ते ओळखायचं: सुमारे २४ मायक्रोसेकंदांपासून ११०० च्या थोडं पुढेपर्यंत. चार अक्ष, चार बटणं. विंडोजने व्हिस्टापासून या पोर्टचा आधार काढून घेतला, त्यामुळे अडॅप्टरशिवाय मार्ग नाही.

साध्या दोन अक्षांच्या स्टिकसाठी मिळणारा कुठलाही यूएसबी अडॅप्टर काम भागवतो. स्टिक थरथरत असेल तर आधी पोटेन्शिओमीटरवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. नव्वद टक्के थरथर तिथेच जाते. अडचण येते ती डिजिटल भाषा बोलणाऱ्या स्टिकांची, मायक्रोसॉफ्टच्या साइडवाइंडर मालिकेसारख्या. साधा अडॅप्टर फक्त रोध मोजतो, ती भाषा त्याला कळत नाही. आणि काही स्टिकांच्या खोक्यात आलेला चिपविना छोटा यूएसबी जोड दुसऱ्या कुठल्याही स्टिकला लावू नका. त्या स्टिकच्या पोटातच यूएसबी होतं म्हणून तो चालत होता.

एक्सबॉक्सचे दोन सापळे

पहिल्या एक्सबॉक्सची केबल सरळ आहे, पण ओळख नाही. लिनक्सचा एक्सपॅड ड्रायव्हर तो लगेच उचलतो. विंडोजला बाहेरचा ड्रायव्हर लागतो. एक्सबॉक्स ३६० चं तारेचं पॅड लावलं की चालतं. ३६० चं बिनतारी पॅड मात्र 'प्ले अँड चार्ज' केबलने कॉम्प्युटरला जोडलं तर फक्त चार्ज होतं, कारण त्या केबलमधून डेटा जातच नाही. त्याला स्वतंत्र रिसीव्हर हवा. नकली रिसीव्हर विंडोजला आपोआप कळत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन यादीतून एक्सबॉक्स ३६० वायरलेस रिसीव्हरचा ड्रायव्हर हाताने निवडावा लागतो, इशारा येतो तो मान्य करावा लागतो.

लाइट गनचं एका ओळीत: जुन्या बंदुका सीआरटीच्या, म्हणजे जुन्या काचनळीच्या टीव्हीच्या, किरणाची वेळ पकडतात, सपाट पडद्यावर तो किरणच नाही, त्यामुळे कुठलाही अडॅप्टर त्यांना जिवंत करू शकत नाही.

स्वतः बनवायचा असेल तर

सुपर निन्टेन्डोपासून सुरुवात करा. एटीमेगा ३२यू४ चिपचा ५ व्होल्टचा प्रो मायक्रो बोर्ड घ्या आणि पॅडची एक एक्स्टेन्शन केबल. मूळ पॅडची वायर कापू नका. एक्स्टेन्शन कापा आणि पॅडचा प्लग जिथे खोचला जातो ते टोक ठेवा. तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, नकली केबलमध्ये ते हवे तसे असतात. मल्टिमीटर सलगतेवर ठेवून प्रत्येक तार कुठल्या पिनपर्यंत जाते ते लिहून काढा. सपाट टोकाकडून मोजलं तर पहिली पिन ५ व्होल्ट, मग क्लॉक, लॅच, डेटा; मधली फट ओलांडली की दोन रिकाम्या आणि गोल टोकाची सातवी ग्राउंड. पहिली आणि सातवी उलटी जोडली तर पॅडची चिप जाण्याचा धोका आहे, म्हणून डाग देण्यापूर्वी पुन्हा एकदा मोजा. डेटाच्या पिनला प्रोग्रॅममध्ये आतला पुल-अप (तार ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रोध) चालू करा. नाहीतर पॅड काढल्यावर मोकळी तार हवेतला गोंगाट पकडते आणि बटणं आपोआप दाबली जातात. डेमनबाइट या खुल्या प्रकल्पात असे अनेक कंट्रोलरांचे तयार प्रोग्रॅम आहेत, सेगाच्या सहा बटणांचं थांबणंही त्यात सांभाळलेलं आहे.

रास्पबेरी पाय पिको वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या, ५ व्होल्ट त्यांना झेपत नाहीत. पॅडला ५ व्होल्ट देऊन डेटाची तार थेट पिकोला लावणं म्हणजे पिन गमावणं. एक तर मध्ये लेव्हल शिफ्टर (५ व्होल्टचे ३.३ करणारं सर्किट) घाला, किंवा पॅडलाच ३.३ व्होल्टवर चालवून बघा. ४०२१ चिप ३ व्होल्टपासून पुढे काम करते, म्हणून पहिल्या निन्टेन्डोच्या मूळ पॅडवर हे बहुतेक वेळा जमतं. एन६४ ला उलट काळजी. तिथे ५ व्होल्टच्या बोर्डने डेटाची तार कधीही वर ढकलायची नाही. फक्त खाली खेचायची नाहीतर सोडून द्यायची, आणि ३.३ व्होल्टला जोडलेल्या सुमारे १ किलोओमच्या रोधाने ती आपोआप वर जाऊ द्यायची.

लावल्यावर पहिल्या दहा मिनिटांत

विंडोजवर रन खिडकीत 'जॉय डॉट सीपीएल' टाइप करा, लिनक्सवर 'ईव्हीटेस्ट' चालवा. प्रत्येक बटण एकेक दाबा, मग दोन-दोन. कोपऱ्यातल्या चारही दिशा. स्टिक सावकाश पूर्ण गोल फिरवा आणि आकडा कुठे अडकतो ते पाहा. स्टिक सोडल्यावर दहा सेकंद हात लावू नका. आकडा सरकत राहिला तर तो स्टिकचा दोष, उडी मारत राहिला तर अडॅप्टरचा किंवा सैल प्लगचा. प्लग जुना असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसून पुन्हा तपासा.

स्टिक अकारण अर्धीच जात असेल आणि हा अडॅप्टर त्या कॉम्प्युटरला नवा असेल, तर विंडोजची साठवलेली मोजणी बघा. ती विक्रेता आणि उत्पादन क्रमांकावर साठवली जाते. त्याच क्रमांकाचा दुसरा अडॅप्टर आधी कधी लावून कॅलिब्रेट केला असेल तर त्याचेच आकडे या बिचाऱ्याच्या माथी येतात. सेटिंगमध्ये 'रीसेट' दाबा आणि प्लग काढून लावा.

गेमला पॅड दिसतच नसेल पण या खिडकीत दिसत असेल, तर अडॅप्टर विंडोजच्या जुन्या कंट्रोलर पद्धतीतून, डायरेक्टइनपुटमधून बोलतो आहे आणि गेमला नवी पद्धत, एक्सइनपुट, हवी आहे. तो गेम स्टीमच्या यादीत घालून तिथला कंट्रोलर आधार चालू करणं हा सर्वांत कमी कटकटीचा उपाय. एक्सइनपुटची मर्यादा चार पॅडांची, हेही ध्यानात असू द्या.

लॅपटॉपला फक्त सी पोर्ट असेल तर साधा ए ते सी जोड पुरतो, यूएसबी २ च्या या कामात त्याने वेग घटत नाही. हबवर लावलात आणि रंबल सुरू होताच पॅड क्षणभर नाहीसं होऊन परत येत असेल, तर हबला वीज कमी पडते आहे. स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब घ्या किंवा अडॅप्टर सरळ कॉम्प्युटरला लावा.